घोड्याचा खुराक : अंगी लागणारा आणि न लागणारा

शिर्डी येथील लेंडी बागेत श्यामकर्ण नावाच्या एका घोड्याची समाधी आहे. श्रीसाईबाबांना अर्पण करण्यात आलेला हा घोडा चावडीच्या मिरवणुकीत अग्रभागी असे. शिर्डीला येणाऱ्या भाविकांपैकी अनेकजण या समाधीपुढे क्षणभर थांबतात. गावाच्या जीवनात घोड्याला एके काळी केवढे मानाचे स्थान होते, याची ती खूण होय. पूर्वी रेल्वेने येणारा यात्रेकरू कोपरगाव स्थानकावर उतरे आणि तेथून पंधरा-सोळा किलोमीटरचा प्रवास टांग्याने करी. पुढे मोटारगाड्या आल्या. २००९ मध्ये साईनगर शिर्डी हे स्वतंत्र रेल्वेस्थानक झाले आणि टांग्याची ती गरज उरली नाही.

तथापि घोडा या भागातून नाहीसा झालेला नाही. लग्नाची वरात, पालख्या व मिरवणुका यांसाठी घोडे पाळणारी कुटुंबे अहिल्यानगर (पूर्वीचा अहमदनगर) जिल्ह्यात आहेत. मेंढ्यांच्या वाड्याबरोबर वर्षातील बराच काळ भटकंती करणाऱ्या धनगर कुटुंबांचा सारा संसार तट्टांच्या पाठीवर असतो. शिर्डीपासून तीस-पस्तीस किलोमीटर अंतरावरील येवल्याचा घोडेबाजार सर्वपरिचित आहे. तापीकाठचे सारंगखेडा आणि नांदेड जिल्ह्यातील माळेगाव येथील यात्रांतही घोड्यांची मोठी खरेदी-विक्री होते. देशाचा विचार केला तर मात्र चित्र चिंताजनक आहे. २०१९ च्या विसाव्या पशुगणनेनुसार देशात घोडे व तट्टे मिळून सुमारे ३ लाख ४० हजार उरली असून २०१२ च्या तुलनेत ही घट ४५ टक्क्यांहून अधिक आहे. भीमा नदीच्या खोऱ्याचे नाव धारण करणारा आणि मराठ्यांच्या घोडदळाशी नाते सांगणारा भीमथडी घोडा ही स्वतंत्र जात असल्याची नोंद कर्नाल येथील राष्ट्रीय पशु आनुवंशिक संसाधन ब्यूरोने अलीकडेच केली आहे. जी थोडी जनावरे उरली आहेत, त्यांची निगा शास्त्रशुद्ध असावी, हे म्हणूनच अगत्याचे ठरते.

ज्या कुटुंबाची उपजीविका एका घोड्यावर अवलंबून आहे, त्याच्या दृष्टीने घोडा खंगणे म्हणजे चूल मंदावणे होय. बरगड्या दिसणाऱ्या घोडीला वरातीचे बोलावणे येत नाही. खंगलेले तट्टू ओझे घेऊन घाट चढत नाही. अशा वेळी मालक हवालदिल होऊन बाजारातील ताकदीच्या भुकट्या, बाटल्या आणि गोळ्या यांकडे वळतो. यांपैकी काय उपयोगी, काय निरुपयोगी आणि काय घातक, याचे ज्ञान त्याच्यापर्यंत पोहोचविणे हे पशुसंवर्धन खात्याइतकेच गावातील शिक्षकांचे व पंचायत सदस्यांचेही काम आहे.

घोडा म्हणजे बैल नव्हे

दावणीला बैल व घोडा शेजारी बांधलेले असले, तरी दोघांच्या पोटाची रचना अगदी भिन्न आहे. बैलाला चार कप्प्यांचे पोट असते, तो रवंथ करतो. घोड्याचे जठर एकच आणि शरीराच्या मानाने फारच लहान असते. पूर्ण वाढ झालेल्या घोड्याच्या जठरात केवळ ८ ते १५ लिटर मावते. चाऱ्याचे खरे पचन पुढे मोठ्या आतड्यात सूक्ष्म जीवांच्या साहाय्याने होते. घोड्याला ओकारीही होत नाही. एकदा पोटात गेलेले अन्न, सोसो वा न सोसो, पुढेच सरकते.

या रचनेतून आहाराचे तीन नियम निघतात. पहिला नियम असा की, घोड्याने दिवसभर थोडे थोडे खात राहावे. दुसरा नियम, आहाराचा मुख्य भाग चारा हाच असावा. तिसरा नियम, खाण्यातील कोणताही बदल सात ते दहा दिवसांत हळूहळू करावा. धान्य एकदम वाढविले तर न पचलेला पिष्टमय भाग मोठ्या आतड्यात जातो. तेथे आम्ल तयार होते, उपयुक्त सूक्ष्म जीव मरतात, आणि पोटशूळ उठतो किंवा खुरांच्या आतील नाजूक थर सुजतो. खुरांच्या या विकाराने घोडा कायमचा निकामी होऊ शकतो. घोड्याला पुष्ट करण्याच्या घाईत त्याला मुकावे लागते, ते अशा रीतीने.

दाणावैरणीच्या शिस्तीचे महत्त्व आपल्याकडे पूर्वापार जाणलेले होते. चिपळूणनजीक हलवर्ण येथे छावणीस असलेल्या घोडदळाच्या अधिकाऱ्यांना छत्रपती शिवाजी महाराजांनी सतराव्या शतकाच्या आठव्या दशकात लिहिलेले पत्र प्रसिद्ध आहे. पावसाळ्यासाठी साठविलेले दाणे व वैरण आरंभीच मनास येईल तशी उधळली, तर ऐन पावसाळ्यात काही मिळणार नाही, घोडी उपाशी मरतील आणि मग त्यासाठी रयतेला उपद्रव होईल, असा स्पष्ट इशारा त्यात दिलेला आहे. साठा मोजून वापरावा आणि रोजचा रतीब चुकू नये, ही त्यातील शिकवण आजच्या एका घोड्याच्या मालकालाही तितकीच लागू पडते.

आधी परीक्षा, मग खुराक

घोडा खरोखरच रोड आहे काय, हे नुसत्या नजरेने ठरवू नये. हिवाळ्यातील दाट केस रोडपणा झाकतात आणि फुगलेले पोट लठ्ठपणाचा भास निर्माण करते. पोट मोठे व पाठीचा कणा वर आलेला, असे दृश्य पुष्कळदा जंतांचे किंवा निकस चाऱ्याचे लक्षण असते. अमेरिकेतील टेक्सास येथील शास्त्रज्ञांनी १९८३ मध्ये घोड्याच्या शरीरमानासाठी १ ते ९ अशी गुणांची श्रेणी प्रसिद्ध केली व ती जगभर मान्य झाली. मान, वशिंडाची जागा, खांद्यामागचा भाग, बरगड्या, कंबर आणि शेपटीचे मूळ अशा सहा ठिकाणी हाताने चाचपून गुण द्यावयाचे असतात. १ गुण म्हणजे अस्थिपंजर, ९ गुण म्हणजे अतिलठ्ठ. बरगड्या दिसत नाहीत पण बोटांना सहज लागतात, पाठ सपाट आहे, अशा घोड्यास ५ गुण मिळतात. कामाच्या घोड्यासाठी हीच स्थिती इष्ट होय.

वजन काढण्यासाठी काट्याचीही आवश्यकता नाही. पुढील पायांच्या लगत मागून छातीचा घेर आणि खांद्याच्या टोकापासून पुठ्ठ्याच्या टोकापर्यंत लांबी सेंटिमीटरमध्ये मोजावी. घेराच्या वर्गास लांबीने गुणून ११,८८० ने भागले असता अंदाजे वजन किलोग्रॅममध्ये मिळते. समजा, एका तट्टाचा घेर १५० व लांबी १४० सेंटिमीटर आहे, तर त्याचे वजन सुमारे २६५ किलो भरेल. शाळेतील गणिताच्या तासाला हे उदाहरण प्रत्यक्ष करून दाखविता येईल. दर पंधरवड्यास त्याच माणसाने, त्याच वेळी माप घेऊन वहीत लिहून ठेवले, म्हणजे खुराक अंगी लागतो की नाही, हे कळण्यास दुसऱ्या कोणाची साक्ष लागत नाही.

घोडा रोड असल्याचे निश्चित झाल्यावर कारण शोधावे. घोड्याचे दात आयुष्यभर वाढतात व झिजतात. झीज असमान झाली, की दाढांना धारदार कडा येतात आणि गाल व जीभ सोलली जाते. असा घोडा चाऱ्याचा चोथा तोंडातून टाकतो, लिदीत अख्खे दाणे दिसतात. त्याला कितीही दाणा घातला तरी व्यर्थ. दाढा घासून घेणे हाच त्यावरील खुराक. दुसरे कारण जंत. लिदीची तपासणी जवळच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात करून मगच औषध द्यावे. खाणे चांगले असूनही घोडा खंगत चालला, अधूनमधून ताप येत असला, पाय व पोटाखालचा भाग सुजत असला, तर सरा या रोगाचा संशय घ्यावा. तो डांसांसारख्या चावणाऱ्या माश्यांमुळे पसरतो. नाकातून घट्ट स्राव, कातडीवर गाठी व व्रण ही ग्लँडर्स रोगाची लक्षणे असू शकतात. हा रोग माणसालाही होतो आणि त्याची खबर देणे कायद्याने बंधनकारक आहे. अशा वेळी खुराकाचा विचार बाजूस ठेवून त्वरित पशुवैद्यकास कळवावे.

कारणांमध्ये अतिश्रमाचाही समावेश होतो. ओझ्याच्या व ओढकामाच्या जनावरांसंबंधीच्या १९६५ च्या केंद्रीय नियमांनुसार जनावराकडून दिवसाला एकूण नऊ तासांपेक्षा अधिक आणि विश्रांतीवाचून सलग पाच तासांपेक्षा अधिक काम घेता येत नाही. जेथे तपमान ३७ अंश सेल्सियसच्या वर जाते, तेथे दुपारी बारा ते तीन या वेळात त्याला जुंपण्यास मनाई आहे. पुरेसे अन्न, पाणी व निवारा न देणे हा १९६० च्या प्राणिक्लेश प्रतिबंधक अधिनियमाखाली गुन्हा ठरतो. जितके काम अधिक, तितकी शक्ती अधिक खर्च होते. काम कमी करणे हा एक प्रकारे खुराक वाढविणेच होय.

भुकटीचा हिशेब

दात, जंत, रोग व काम यांचा विचार झाल्यावर खुराकाकडे वळावे. येथे एक साधा हिशेब ध्यानी घेण्याजोगा आहे. घोड्याचे वजन एक किलोने वाढावयाचे, तर त्याला नित्याच्या गरजेपेक्षा सुमारे पाच ते सहा किलो धान्याइतकी जास्तीची ऊर्जा मिळावी लागते. म्हणजे वीस किलोने खंगलेल्या तट्टाला पूर्ववत करण्यास शंभर-सव्वाशे किलो सातूएवढी अधिक शक्ती तीन-चार महिन्यांत पुरविली पाहिजे. दिवसाला दोन चमचे भुकटीतून एवढी शक्ती मिळणे अशक्य आहे, मग तिच्या डब्यावर काहीही लिहिलेले असो. आहारात एखाद्या क्षाराची वा जीवनसत्त्वाची उणीव असेल, तर भुकटी ती उणीव भरून काढते. पोटभर चाऱ्याची जागा ती घेऊ शकत नाही.

घोड्याला दररोज त्याच्या वजनाच्या २ ते २.५ टक्के कोरडे खाद्य लागते आणि त्यातील चाऱ्याचा भाग वजनाच्या दीड टक्क्यापेक्षा कमी असू नये. ३०० किलोच्या तट्टाचा हिशेब केला, तर सहा ते साडेसात किलो खाद्य व त्यात किमान साडेचार किलो चारा, असे प्रमाण पडते. पुष्कळ रोड घोड्यांचे दुखणे एवढेच असते की, त्यांना हा साडेचार किलो चाराच मिळत नाही. रात्रभर रिकाम्या गव्हाणीपुढे उभे असलेल्या घोड्यापुढे आणखी एक पेंढी टाकणे, हा सर्वांत स्वस्त आणि सर्वांत परिणामकारक पूरक आहार होय. त्याच्याच बरोबरीने पाण्याचे महत्त्व आहे. तट्टाला दिवसाकाठी वीस-तीस लिटर आणि उन्हाळ्यात कामावर त्याहूनही अधिक स्वच्छ पाणी हवे. पाणी कमी पडले की चारा खाणे कमी होते आणि आतड्यात कोंडा अडकून बसतो.

परिसरातील खाद्ये

गोदावरी व प्रवरा यांच्या कालव्यांनी भिजणाऱ्या या पट्ट्यात चाऱ्याची साधने हाताशी आहेत. तथापि त्यांतील प्रत्येक वस्तू घोड्याला सारखीच मानवते असे नाही.

लसूणघास हा घोड्यासाठी उत्तम पूरक चारा होय. याच जिल्ह्यातील राहुरी येथील महात्मा फुले कृषी विद्यापीठाने त्याचा आर.एल. ८८ हा वाण विकसित केला आहे. लसूणघासात प्रथिने व चुना भरपूर असतात. तो कापून एक दिवस सुकवावा आणि कडबा-कुट्टीत मिसळून द्यावा. हरळी, मारवेल यांसारखी गवतेही घोडा आवडीने खातो. ज्वारीचा वाळलेला कडबा चालतो, परंतु हिरवी ज्वारी घोड्याला चारू नये. कोवळ्या ज्वारीची किरळ तर लागतेच. शिवाय सतत हिरवी ज्वारी खाणाऱ्या घोड्यांचे मागील पाय लुळे पडून लघवीवरील ताबा जाण्याचा विकार आढळून आलेला आहे.

उसाचे वाढे साखर कारखान्यांच्या परिसरात मुबलक मिळतात. परंतु वाढ्यांतील ऑक्झॅलेट हे द्रव्य शरीराला चुना मिळू देत नाही. केवळ वाढ्यांवर घोडा पोसू नये. त्याच्या जोडीला लसूणघास अवश्य असावा.

गव्हाचा कोंडा म्हणजे घोड्याचा खुराक, अशी समजूत रूढ आहे. त्यात अंशतः तथ्य असले तरी एक धोका दडलेला आहे. एक किलो कोंड्यात स्फुरद सुमारे १२ ग्रॅम, तर चुना जेमतेम दीड ग्रॅम असतो. घोड्याच्या आहारात मात्र चुना स्फुरदापेक्षा अधिक असावा लागतो. चुना कमी पडला की शरीर तो हाडांतून काढून घेते. महिनोन् महिने कोंड्यावर राहिलेल्या घोड्याची चेहऱ्याची हाडे फुगतात, चाल बिघडते, दात सैल होतात. एक किलो वाळलेल्या लसूणघासात सुमारे १४ ग्रॅम चुना असतो. कोंडा जितका, निदान तितका वाळलेला लसूणघास दिला, म्हणजे ही उणीव बरीचशी भरून निघते. लसूणघास न मिळाल्यास पशुवैद्यकाच्या सल्ल्याने खाद्यप्रतीच्या चुनखडीची भुकटी मिसळावी.

धान्यांत सातू किंवा ओट भरडून द्यावेत. मका भरडून चालतो, पण बुरशी आलेला मका घोड्याच्या मेंदूला इजा करून प्राण घेतो. हरभरा रात्रभर भिजवून आणि कुळीथ शिजवून देण्याची आपल्याकडील जुनी रीत शास्त्राला धरूनच आहे. शिजविल्याने कुळथातील पचनास अडथळा करणारी द्रव्ये नष्ट होतात. जवस उघड्या भांड्यात चांगला उकळून रोज ५० ते १०० ग्रॅम दिल्यास केसांना तकाकी येते. शेंगदाणा पेंड प्रथिनयुक्त खरी, परंतु ओलसर जागी ठेवलेल्या पेंडीत विषारी बुरशी वाढते. वास आलेली पेंड टाकून द्यावी. गूळ किंवा मळी ही रुचीपुरती असावी.

खाद्यतेल हा वजन वाढविण्याचा सुरक्षित उपाय मानला जातो. तेलात तेवढ्याच वजनाच्या धान्याच्या दुपटीहून अधिक ऊर्जा असते आणि त्यात पिष्टमय भाग नसतो. शंभर मिलिलिटर तेल सुमारे पाव किलो सातूचे काम करते. तट्टाला रोज ३० मिलिलिटरपासून आरंभ करून दोन-तीन आठवड्यांत १५० मिलिलिटरपर्यंत जावे. लीद पातळ झाल्यास प्रमाण घटवावे. खवट तेल कदापि देऊ नये.

३०० किलोच्या रोड तट्टासाठी एक दिवसाचा आहार नमुन्यादाखल असा योजता येईल : कडबा-कुट्टी व वाळलेले गवत ४ किलो, वाळलेला लसूणघास दीड किलो, भरडलेला सातू १ किलो, भिजविलेला हरभरा, कोरड्या वजनाने, अर्धा किलो, कोंडा पाव किलो, वर सांगितलेल्या बेताने तेल, मीठ ३० ग्रॅम, आणि पशुवैद्यकाने सुचविलेले क्षारमिश्रण. दाण्याची ही चंदी तीन वेळांत विभागून, चारा पोटात गेल्यानंतर तोबऱ्यातून द्यावी. आहार आरंभापासून याच प्रमाणावर न नेता हळूहळू वाढवीत न्यावा.

टाळावयाच्या गोष्टी

गाई-म्हशींचे वा कोंबड्यांचे तयार खाद्य घोड्याला घालणे ही सर्वांत घातक चूक होय. अशा काही खाद्यांत मोनेन्सिनसारखी औषधे मिसळलेली असतात. गाईला व कोंबडीला ती मानवतात, परंतु त्यांची अल्प मात्राही घोड्याचे हृदय निकामी करते आणि त्यावर उतारा नाही. एकच पोते सर्व जनावरांना, ही काटकसर एखादे वेळी घोड्याच्या जिवावर बेतते.

दोन-तीन प्रकारची क्षारमिश्रणे एकत्र देऊ नयेत. सेलेनियमसारखे द्रव्य अत्यल्प प्रमाणात आवश्यक, पण थोडे अधिक झाले तरी विषारी असते. आयाळ व शेपटीचे केस गळणे, खुरांना चिरा पडणे ही त्याची लक्षणे. बाजारापूर्वी घोडा झटपट भरावा म्हणून टोचली जाणारी संप्रेरके पशुवैद्यकाविना वापरणे सर्वथा गैर आहे.

उपासमारीने अस्थिपंजर झालेल्या घोड्याच्या बाबतीत विशेष सावधगिरी बाळगावी. दयेपोटी कोणी त्याच्यापुढे पाटीभर दाणा ठेवतो आणि चार-आठ दिवसांत घोडा दगावतो. दीर्घ उपवासानंतर एकदम मिळालेल्या पिष्टमय अन्नाने रक्तातील क्षारांचा समतोल ढासळतो व हृदय थांबते. अशा घोड्याला आरंभी दाणा न देता दर चार तासांनी थोडा थोडा वाळलेला लसूणघास द्यावा आणि दहा दिवसांत प्रमाण वाढवीत न्यावे. त्याला पूर्वस्थितीवर येण्यास कित्येक महिने लागतात.

घोडा भरल्यानंतर

शरीरमान ५ गुणांवर आले, की खुराक होता तसाच चालू ठेवणे हीही चूकच होय. वरातीचा हंगाम संपल्यावर काम थांबते, पण चंदी तीच राहिली तर घोडा लठ्ठ होतो व खुरांचा विकार ओढवतो. काम नसेल तेव्हा दाणा कमी करावा, चारा मात्र कमी करू नये. हंगाम सुरू होण्यापूर्वी तीन-चार आठवडे दाणा पुन्हा क्रमाने वाढवावा. परगावच्या बाजारातून नवा घोडा आणल्यास त्याच्या सवयीचा चारा-दाणा काही दिवस बरोबर आणावा आणि नव्या खाद्याची मिसळ हळूहळू करावी.

या कामी ग्रामपंचायतींना पुष्कळ करता येण्यासारखे आहे. जिल्ह्याचा मोठा भाग पर्जन्यछायेत येतो आणि १९७२ च्या दुष्काळाची आठवण वडीलधाऱ्यांच्या मनात अद्याप ताजी आहे. टंचाईच्या काळात चाऱ्याचे नियोजन करताना गाईगुरांबरोबर गावातील घोडे, तट्टे व गाढवे यांचीही मोजणी व्हावी. मेंढपाळांच्या वाटेवर पाण्याचे हौद असावेत. पशुवैद्यकीय दवाखान्याच्या साहाय्याने वर्षातून दोनदा दात व जंत तपासणीचे शिबिर भरवावे. लसूणघासाचे बियाणे घोडेमालकांना उपलब्ध करून द्यावे. खर्च थोडा, लाभ मोठा, अशी ही कामे आहेत.

घोडा बोलत नाही. त्याच्या बरगड्या बोलतात. त्या वेळीच वाचता आल्या, तर औषधी भुकटीवर खर्च होणारा पैसा चाऱ्यावर खर्च होईल, घोडा कामावर उभा राहील आणि त्याच्या पाठीवर उभा असलेला संसारही सावरेल.